शुभेच्छुकांच्या रांगेतला कर्नल

दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजायला लागले की मी आतल्या खोलीत जाऊन कानांवर उशी दाबून बसतो. नातवंडं हसतात. बायको, सुमन, तर फराळाला आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम आत आणून दाखवते, "यांनी परदेशांत बंदुका विकल्या, बरं का! बघा कसे बसलेत."

तिचं म्हणणं खरं आहे. मी बाळाराम, भिवंडीजवळच्या दापोड्याचा आगरी. भाताची जमीन गोडाऊनखाली गेली, म्हणून कापडात शिरलो आणि कापडातून घसरत घसरत शस्त्रांच्या व्यापारात. उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली ती एकदाच, फोटोसाठी. तीही चुकीच्या टोकाने धरली होती, हे शेजारच्या शिपायाच्या चेहऱ्यावरून नंतर कळलं.

सुरुवात साधी होती. धामणकर नाक्याच्या मागे आमचे काही लूम होते. त्यावर खाकी कापड निघायचं, ते गणवेश शिवणाऱ्या एका ठेकेदाराकडे जायचं. मग तंबूचं कापड, मग पाठीवरच्या पिशव्या, मग गोळी अडवणारी जाकिटं. जाकिटाच्या आतल्या पट्ट्या परदेशातून यायच्या, बाहेरचं कापड आणि शिलाई आमची. सैन्याला कापड विकणाऱ्याला एक ना एक दिवस कोणीतरी विचारतंच, "शेठ, बाकीचं पण मिळेल का?" शहाणा माणूस "नाही" म्हणतो. मी "बघतो" म्हणालो.

लोकांना वाटतं, शस्त्रांचा व्यापारी म्हणजे गोडाऊनभर पेट्या. माझ्या गोडाऊनमध्ये बिस्किटं आणि शाम्पू असायचे, तेही भाडेकरूंचे. हा धंदा लग्न जुळवण्यासारखा आहे. कारखाना युरोपातल्या कुठल्यातरी थंड गावात, गिऱ्हाईक आफ्रिकेतल्या गरम गावात, आणि जुळवणारा मधे चहा पीत बसलेला. माल परस्पर जहाजात चढतो. नियम एकच. घेणाऱ्या सरकारने लिहून द्यायचं, की हा माल आम्हीच वापरणार, पुढे कोणाला देणार नाही. आता सरकार म्हणजे कोण, हे त्या कागदावर कोणी विचारत नाही. सही करायच्या दिवशी जो खुर्चीवर असेल, तो सरकार.

माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आफ्रिकेतला एक देश. इतका लहान की नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा झाकला जातो. नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं राहतात. जाकिटांचा नमुना घेऊन मी त्यांच्या छावणीत गेलो. भाताच्या पोत्याला जाकीट घालून गोळी मारून दाखवावी, असा माझा बेत. तिथला ब्रिगेडियर म्हणाला, "पोतं घाबरत नाही. जिवंत काहीतरी पाहिजे." आणि बोकड आणला.

माणसाच्या मापाचं जाकीट बोकडाला घालणं हे काय काम आहे, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. मी पट्टे आवळत होतो आणि बोकड जाकिटावरचं आमचं लेबल खात होता. गोळी झाडली. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बोकड खाली पडलेला. मग पाय झाडून उठला आणि मोठ्याने ओरडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्डर तिथल्या तिथे मिळाली. मी त्या बोकडाच्या पाठीवर थाप मारली, अगदी भागीदार असल्यासारखी.

संध्याकाळी जेवायला बसलो. ताटात मटण आलं. मी ब्रिगेडियरला विचारलं, "हा तोच?"

"तोच. तुमचा माल उत्तम आहे."

मी खाल्लं. मीठ कमी होतं, हेही मला आठवतं. त्या पंगतीत एकाच माणसाने मटण बाजूला सारलं आणि कोरडा भात खाल्ला. तरुण कॅप्टन होता, नाव मॉरिस. मला म्हणाला, "मी त्याला उठताना पाहिलं ना."

असल्या मऊ काळजाचा माणूस सैन्यात कसा, असं मला वाटलं. मी तर व्यापारातही त्याच्यापेक्षा कडक होतो.

वर्षं गेली. मॉरिस कर्नल झाला, त्यांच्या खरेदीखात्यात बसला. आमचं फोनवर बोलणं व्हायचं. मग एक दिवस तो स्वतःच मुंबईत उतरला. कागदोपत्री गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. गुडघे ठणठणीत होते. त्यांच्या देशात राष्ट्राध्यक्ष आणि संरक्षणमंत्री यांच्यात जुंपली होती. मंत्र्याला राष्ट्राध्यक्षाला उलथवायचं होतं आणि त्यासाठी माल हवा होता. जाकिटं, रेडिओ आणि 'बाकीचं'. ते जुळवायला कर्नल आला होता. सहीला मंत्री तयार होता, म्हणजे कागदावर सगळं सरकारी. दिल्लीत खन्ना नावाचा माझा भागीदार होता, परवाने आणि परदेशी कारखाने तो बघायचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, "बालाराम जी, हम दुकानदार हैं. ग्राहक के घर का झगड़ा हमारा नहीं."

कर्नलला हॉटेलात ठेवता येईना. हॉटेलात पासपोर्टची नोंद होते, आणि कागदावर तर हा इस्पितळात होता. मी डोकं लढवलं. भिवंडीत आफ्रिकेचे कापड व्यापारी येतातच, त्यात कोणाला नवल नाही. म्हटलं, हाही कापड व्यापारी. गोडाऊनच्या ऑफिसवर माझी एक खोली होती, तिथे त्याला ठेवला आणि गावात सांगितलं, मॉरिसशेठ ग्रे कापड, म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं, न रंगवलेलं कापड, घ्यायला आलेत. या शक्कलीवर मी इतका खूश होतो की सुमनला दोनदा समजावून सांगितली. ती म्हणाली, "आणि खरंच त्याच्या देशाचा कापडवाला नाक्यावर भेटला तर?" मी हसलो. बायकांना धंद्यातलं कळत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

कर्नल आमच्याकडे जेवायला यायचा. तांदळाची भाकरी आणि सुकट त्याला अशी लागली की सुमनने त्याच्यासाठी वेगळा डबा ठेवला. त्याला एक मुलगी होती, तिच्यासाठी धामणकर नाक्यावरून त्याने हिरव्या बांगड्या घेतल्या. एकदा गच्चीवर उभा राहून तो चहूबाजूंची गोडाऊनं बघत होता. म्हणाला, "इथे आधी काय होतं?"

"भात."

"राष्ट्राध्यक्षाने आमच्या गावचा भातही असाच एका कंपनीला दिला. म्हणून तर मी यात पडलो. तुम्ही भांडला नाहीत?"

"आम्ही भाडं घेतलं," मी म्हणालो.

 मग आम्ही दोघांनी तिथेच एक फोटो काढला. त्याने माझा काळा गॉगल घातला, मी त्याच्या खांद्यावर हात टाकला. माझ्या त्या हातात पोवळ्याची अंगठी होती. एका ज्योतिषाने शत्रू दूर राहावेत म्हणून घालायला लावलेली.

त्याच दिवसांत माझा पुतण्या हरेश याचं लग्न निघालं. मोठा भाऊ जनार्दन, आमचा जनादादा, त्याचा हा एकुलता मुलगा. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. गाव जेवतं, गाव नाचतं. आणि त्याआधी नाक्यानाक्यावर बॅनर लागतात. नवरदेव मधे, वर पुढारी, खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची रांग. हरेशला तर पंचायत समितीचं तिकीटही हवं होतं, त्यामुळे बॅनर दुप्पट मोठा. वरचा मुख्य फोटो आमच्या साहेबांचा. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. कोणत्या पक्षाचे, ते सांगत नाही. त्यांनाही विचार करून सांगावं लागेल.

दादा एका सकाळी आला. "आरं बाला, त्या मारीसशेटचा फोटू हाय का तुज्या मोबाईलान? तुजे वयनीला दाखवाचाय."

मी पाठवला. गुप्तता हा शस्त्रांच्या व्यापाराचा पहिला धडा, असं मी चारचौघांत सांगायचो. ज्या अंगठ्याने तो फोटो दाबून पाठवला, तो अंगठा अजून माझ्याकडे आहे.

दोन दिवसांनी धामणकर नाक्यावर आमची रिक्षा अडकली. ट्रक आडवा झालेला. मी सहज वर बघितलं. बॅनर. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी मी माझा फोटो केवढा आहे ते शोधलं. खालच्या रांगेत, पासपोर्टाएवढा. आणि त्याच्या वर, साहेबांच्या अगदी खालोखाल, माझा काळा गॉगल घालून कर्नल हसत होता! 'आफ्रिकेचे सुप्रसिद्ध कापड व्यापारी मा. श्री. मॉरिसशेठ, शुभेच्छुक.' मला आधी राग आला तो हा, की पाहुणा मोठा आणि सख्खा काका छोटा. मग दिसलं, फ्लेक्सवाल्याने फोटोतून मला कापून काढलं होतं, पण माझा हात कर्नलच्या खांद्यावर तसाच राहिला होता. अंगठीसकट. नुसता हात, मालक नसलेला. आणि मग लक्षात आलं, ज्याला लपवायचं त्याला आम्ही अख्ख्या नाक्याला दाखवत होतो.

रिक्षा सोडून मी चालत दादाकडे गेलो. "दादा, तो बॅनर काढ. आत्ताच्या आत्ता."

"का रं? तुजा फोटू बारीक हाय म्हनून?"

"त्यासाठी नाही. पाहुण्याचा नको."

"यारा झालास का? बॅनरवरशी मानसाचा त्वांड काराचा? लोकां म्हनतीन, आगऱ्यांनी पावन्याला घरान जेवाला घातला न् नाक्यावर इज्जत कारली. न् साहेब इचारतीन, आमचा बॅनर का उतरवला, त मी काय सांगू?"

आमच्याकडे बॅनरवरून तोंड उतरवणं म्हणजे जाहीर भांडण. त्यावरून सोयरिकी तुटल्यात, निवडणुका फिरल्यात. खरं कारण दादाला सांगता येईना. "हलद व्हऊं दे, मंग कारू," दादा म्हणाला. मी म्हटलं, बघतो. पुन्हा तेच 'बघतो'.

हळदीला कर्नलला खोलीत कोंडून ठेवायचा बेतही फसला. आमच्या बायकाच वर जाऊन त्याला घेऊन आल्या. त्याच्या तोंडाला, मानेला, शर्टाला हळद माखली. धवलारीण, म्हणजे लग्नात धवले म्हणणारी आमची म्हातारी, तिने गाण्यात नवरदेवाच्या काकामामांची नावं घेता घेता त्याचंही नाव गुंफलं. त्याने मला विचारलं, "ती काय म्हणाली?"

"तुझं नाव घेतलं. आता तू घरचा झालास."

तो असा नाचला, असा नाचला, की ऑपरेशनच्या गुडघ्यांची लाज वाटावी.

सुमनने विचारलेला कापडवाला खरोखरच होता. त्याच देशाचा, भला माणूस, दरवर्षी भिवंडीत सुती कापड घ्यायला येणारा. नाक्यावर त्याने वर बघितलं आणि आपल्या देशाचा कर्नल इतक्या मानाने झळकताना पाहून त्याचा ऊर भरून आला. त्याने फोटो काढला आणि अभिमानाने मोबाईलवर देशभर पाठवला. त्याला काय माहीत, हा माणूस म्हणे मुंबईच्या इस्पितळात पाय वर करून पडलेला आहे!

हळदीचा रंग उतरायच्या आत कर्नलला मंत्र्याचा फोन आला. ताबडतोब परत ये, सगळं ठीक आहे. कर्नल खाटेवर बसला होता. म्हणाला, "'सगळं ठीक आहे' असं तो कधी म्हणत नाही. बाळा, मी गेलो तर जिवंत राहणार नाही. मला कुठेतरी आसरा मिळवून दे. मग मुलीला बोलावून घेईन."

मी साहेबांकडे गेलो. सगळं खरं सांगितलं. आयुष्यात एकदाच सगळं खरं सांगितलं आणि तेही कोणाला, बघा. साहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "पाव्हणा आपल्या बॅनरवर आहे, म्हणजे आपला आहे. दिल्लीत शब्द टाकतो. तुमचा तो खन्ना आहे ना, त्याला गाडी पाठवायला सांगा, तो कागद करून देईल. तोवर हरेशला सांगा कामाला लाग, तिकीट पक्कं."

मला भरून आलं. मी त्यांच्या पाया पडलो.

खन्नाची गाडी दुपारी बायपासला आली. मीच कर्नलला घेऊन गेलो. सुमनने भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. गाडीत बसताना त्याने विचारलं, "हा खन्ना कसा माणूस आहे?"

"आपला माणूस," मी म्हणालो.

त्याला माझा शब्द पुरला. त्याने गॉगल काढून माझ्या हातात दिला आणि गेला.

गाडी खन्नाच्या ऑफिसात गेलीच नाही. ती गेली विमानतळावर, तिथे त्याच्याच देशाची माणसं तिकीट घेऊन उभी होती. बॅनरचा फोटो राष्ट्राध्यक्षापर्यंत पोहोचला होता, आणि मंत्री व राष्ट्राध्यक्ष यांनी आपसात मिटवलं होतं. मिटवताना काहीतरी द्यावं लागतं, मंत्र्याने कर्नल दिला. सगळा कट या एकट्या अधिकाऱ्याचा, असं जाहीर झालं. मध्यस्थी खन्नाची आणि दिल्लीतला शब्द साहेबांचा. साहेबांनी शब्द टाकला होता, हे खरंच होतं. कुठे टाकला, ते मी विचारलं नव्हतं. पुढे थोड्याच दिवसांत बातमी आली, कर्नल मॉरिस कोठडीत हृदयविकाराने गेले. गुडघ्याचं दुखणं फार वर चढलं.

मी खन्नाला फोन केला आणि तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, मराठीत, कारण हिंदीत माझ्या शिव्या कच्च्या आहेत. त्याने शांतपणे ऐकून घेतल्या. मग म्हणाला, "हो गया? अब सुनो. जैकेट तैयार हैं ना? राष्ट्रपति वाले ले रहे हैं. वही माल."

जाकिटं शिवून तयार होती. कर्नलने पसंत केलेली, त्याच्या माणसांच्या मापाची. माल तोच, कंटेनर तेच, बंदर तेच. फक्त 'आम्हीच वापरणार' या ओळीखाली सही दुसऱ्याची.

दिला का माल? दिला. बोकडही खाल्लाच होता ना.

त्यानंतर मात्र धंदा बंद केला. लोकांना सांगतो, तब्येतीमुळे. हरेशला तिकीट मिळालं, आणि तो असा आपटला की साहेबांनी मतमोजणीच्या दिवशी त्याला ओळखही दाखवली नाही. साहेब आता वेगळ्या रंगाच्या बॅनरवर असतात. तब्येत छान आहे त्यांची.

आमचा बॅनर पुढे दादाने उतरवला. फ्लेक्स कोणी फेकत नाही, भक्कम असतो. दादाने बोकडांच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून टाकला, पांढरी बाजू वर, छापील बाजू आत. त्यामुळे बाहेरून काही दिसायचं नाही. आत वाकून गेलं, की बोकडांच्या डोक्यावर कर्नल गॉगल घालून हसत असायचा. मी त्या गोठ्यात जाणं सोडलं.

गेल्या वर्षी एक फोन आला. परदेशी नंबर, बाईचा आवाज, इंग्रजी. कर्नलची मुलगी. त्या कापडवाल्याकडून तिला माझा नंबर मिळाला होता. ती म्हणाली, वडिलांना नेलं तेव्हा घरातले सगळे फोटो नेले. तिच्या बारशाचेसुद्धा. आता ती दुसऱ्या देशात असते, तिला मुलगा झालाय, आणि त्याला आजोबा दाखवायला तिच्याकडे एकही फोटो नाही. "त्या व्यापाऱ्याने घाबरून त्याचा फोटो पुसून टाकला. तुमच्याकडे एखादा आहे का?"

माझ्या मोबाईलमधला मी खन्नाच्या सांगण्यावरून कधीच पुसला होता. अशा आज्ञा मी फार तत्परतेने पाळायचो.

"आहे," मी म्हणालो. "थोडा मोठा आहे."

मी शिडी आणि कात्री घेऊन गोठ्यावर चढलो. दादा धावत आला. "आरं ए बाला, पावसान बोकरां भिजतीन ना माजी!"

मी त्याला पहिल्यांदाच सगळं सांगितलं, शिडीवर उभा राहून. मारीसशेट कोण होता, कुठे गेला, कसा गेला. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "मंजे मी लावलेल्या बॅनरनी..." मी म्हटलं, "फोटो मी दिला होता, दादा." त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली. "काप. नीट काप. त्वांडाला लागूं देव नको."

सुमनने तो तुकडा अंगणात पसरून साबणाने घासला. शेण, कोळिष्टकं, पावसाचे डाग, सगळं निघालं. गुंडाळी करून कुरिअरने पाठवला. सोबत तो गॉगलही. मला वाटलं, संपलं.

तुकडा पोहोचल्यावर तिचा फोन आला. बराच वेळ रडत होती. मग म्हणाली, "बाबा किती हसतायत! असे हसताना मी त्यांना घरी फार कमी पाहिलं. तुमच्याकडे ते सुखात होते ना?"

"भाकरी आणि सुकट आवडायची त्यांना," मी म्हणालो.

"एक विचारू? त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात आहे. अंगठी घातलेला. कोणाचा आहे?"

सुमन समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी सगळं बोलायला तोंड उघडलं आणि एवढंच बोललो, "ते ज्या घरी राहिले होते, त्या घरच्या माणसाचा."

"असं होय," ती म्हणाली. "फ्रेमवाला म्हणाला, हा हात कापून टाकू या, विचित्र दिसतो. मीच थांबवलं. म्हटलं, बाबांचं शेवटी कोणीतरी होतं तिथे."

फोन ठेवून मी मोरीत गेलो आणि ती अंगठी काढायला लागलो. साबण लावला, तेल लावलं, सुमनने दोराही गुंडाळून बघितला. निघत नाही. बोट जाड झालंय.